कारण : पूर्ववैमनस्य

नोकरीत हाताळलेल्या बहुतेक गुन्ह्यांचे नंबर मी आता विसरलो आहे. आरोपींचे चेहरेही एकमेकांत मिसळून गेलेत. पण कारागृहात झालेल्या त्या मारहाणीचा तपास मला दिवसवार आठवतो, आणि आठवला की अजून राग येतो. त्या रागातला बराचसा वाटा माझ्या स्वतःच्या वाट्याला येतो. तो कसा, ते ओघात येईलच.

मी तेव्हा हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो, हुद्दा सहायक पोलीस निरीक्षक. हद्दीत एक कारागृह होतं. कुठलं ते सांगत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते बऱ्याच ठिकाणी थोड्याफार फरकाने असंच आहे. मे महिना होता. सकाळची हजेरी उरकून मी रात्रीच्या गस्तीची नोंद तपासत बसलो होतो, तेवढ्यात कारागृहाचा एक रक्षक लेखी अहवाल घेऊन आला. एका न्यायाधीन बंद्याने 'पूर्ववैमनस्यातून' दुसऱ्या बंद्याच्या डोक्यावर व चेहऱ्यावर लोखंडी बादलीने प्रहार करून त्यास गंभीर जखमी केले, असा मजकूर. खाली सही-शिक्का. न्यायाधीन म्हणजे ज्याच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही असा माणूस. तो दोषी ठरलेला नसतो, फक्त आत असतो.

गुन्हा दाखल करून घेतला आणि जखमीला पाहायला दवाखान्यात गेलो. पासष्टीच्या पुढचे, डोंगरकड्याकडचे शेतकरी. बांधाच्या भांडणात समोरच्यांनी घरातल्या सगळ्यांची नावं फिर्यादीत घातली होती, त्यात हेही आत आलेले. डावा डोळा सुजून बंद झाला होता आणि कपाळाला टाके. डॉक्टरांनी नांदेडला हलवायला सांगितलं. बोलण्याच्या स्थितीत ते नव्हते.

मारणाऱ्याला पाहिलं तेव्हा ओळख पटली. बारा दिवसांपूर्वी त्याला माझ्याच ठाण्याने अटक केली होती. सेनगाव भागातल्या तांड्यावरचा, तिशीतला माणूस. घरची थोडी जमीन, त्यात सोयाबीन आणि तूर, शिवाय तांड्यावर पंक्चर काढायचं छोटं दुकान. विहिरीवरच्या मोटारीवरून चुलतभावाशी जुंपली, त्यात भावाचा हात मोडला. याच्याआधी त्याच्यावर एकही गुन्हा नव्हता. अटकेच्या दिवशी तो शांत होता, विचारलं तेवढं सांगत होता. आता तोच माणूस दवाखान्याच्या खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. ओठ फुटलेला. इतर बंद्यांनी नंतर त्यालाही चोपलं होतं. मी नाव घेऊन हाक मारली तर माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघून काहीतरी पुटपुटत राहिला.

घटनास्थळाचा पंचनामा करायला कारागृहात गेलो. वीस माणसांसाठी बांधलेली बराक. मारहाण झाली तेव्हा आत चोपन्न होते. मेच्या उन्हात तापलेलं छत आणि दोन पंखे, त्यातला एक बंद. एका कोपऱ्यात संडास, त्याला कमरेएवढी भिंत. माणसं पाठीवर झोपू शकत नव्हती, कुशीवर झोपायची, तीही पाळीपाळीने. माझ्याबरोबरचे दोन पंच नाकाला रुमाल लावून उभे राहिले आणि लवकर आटपा म्हणू लागले. पंधरा मिनिटं त्यांना सोसवली नाहीत. बाकीच्यांना तिथे चोवीस तास राहायचं होतं.

मग जबाब घेतले. एकूण अकरा बंद्यांचे आणि दोन रक्षकांचे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते एकत्र ठेवून वाचले तेव्हा माझ्या लक्षात आलं की बंद्यांचे सगळे जबाब एकाच तोंडून आल्यासारखे आहेत. "दोघांत पूर्वीपासून वैर होते, अचानक आरडाओरडा ऐकू आला, पाहिले तर बादली त्याच्या हातात होती." एक शब्द इकडचा तिकडे नाही. माणसं खरं सांगतात तेव्हा तपशिलात चुकतात. कुणी बादली निळी म्हणतो, कुणी हिरवी. इतकं एकसारखं बोलतात ती शिकवलेली असतात, हे मी हवालदार लोकांकडूनच शिकलो होतो.

आणि वैर कशाचं? एक डोंगरकड्याकडचा, दुसरा सेनगावकडचा. गाव वेगळं, भावकी वेगळी, बाजारसुद्धा वेगळा. दोन्ही गावांतल्या पोलीस पाटलांना फोन लावला. दोघांनाही दुसऱ्या माणसाचं नाव ऐकून माहीत नव्हतं. म्हणजे अहवालातला पहिलाच शब्द खोटा होता. पण तो बरा पडतो. वैर लिहिलं की दोष दोघांत वाटला जातो, आणि भिंतीला, कुलुपाला, खुर्चीला काहीच लागत नाही.

पुढच्या सोमवारी एक माणूस ठाण्यात हजेरी द्यायला आला. जामिनाच्या अटीप्रमाणे त्याला दर सोमवारी सही करावी लागायची. तो त्याच बराकीत होता आणि मारहाणीच्या दुसऱ्याच दिवशी सुटला होता. सही केल्यावरही तो जाईना, ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी घुटमळत राहिला. मी त्याला आत बोलावून चहा दिला. पोलिसाने चहा दिला की माणूस एकतर घाबरतो नाहीतर बोलतो. हा बोलला.

"साहेब, वैर-बिर काई नव्हतं. त्यो पोरगा आठ दिवसापासून झोपलाच न्हाई. गोळ्या मागून राहिला व्हता रोज. कुनी दिल्या न्हाईत."

पुढचं त्याने तुकड्यातुकड्याने सांगितलं. बराकीत एक जुना बंदी होता, त्याला सगळे मालक म्हणत. कुणी कुठे झोपायचं ते तो ठरवायचा. चालू पंख्याखाली तो आणि त्याची चार माणसं, आणि नवीन आलेला संडासाच्या भिंतीला. पहिले दोन दिवस तांड्यावरच्या माणसाला काही झालं नाही. तिसऱ्या दिवसापासून तो एकटाच बोलू लागला. कुणीतरी आपल्याला हाक मारतंय म्हणायचा. लोकांना करमणूक झाली. डोळा लागला की कानाशी ताट वाजवायचे आणि तो दचकून उठला की हसायचे. पाचव्या दिवशी तो ओरडायला लागला म्हणून मालकाच्या माणसांनी त्याला पोत्यात गुंडाळून मारलं, खुणा दिसू नयेत म्हणून. त्यानंतर रोजच मारलं.

"आन् ते म्हातारे?" मी विचारलं.

एकटे तेच त्याच्याशी नीट वागत होते, असं हजेरीवाला म्हणाला. स्वतःची झोपायची पाळी त्याला द्यायचे, भाकरी खायला घालायचे. त्या सकाळी चहा आला तेव्हा तो नळापाशी पाठमोरा उभा होता. म्हाताऱ्यांनी चहाचा पेला घेऊन मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आठ दिवस मागून येणारा प्रत्येक हात मारायलाच आला होता. तो वळला आणि हातात होती ती बादली हाणली. एकदा नाही, तीनदा.

मी दवाखान्याला पत्र दिलं आणि आरोपीची पूर्ण तपासणी करून जखमांचं वय लिहून मागितलं. उत्तर आलं : पाठ, मांड्या, बरगड्या, वेगवेगळ्या दिवशी झालेल्या जखमा, काही घटनेच्या सात-आठ दिवस आधीच्या. मग मी दुसऱ्यांदा कारागृहात गेलो.

मालक म्हणवणारा निर्ढावलेला होता. त्याला मारहाणीचं विचारलं तर म्हणाला, "आमी त्याला शांत करून राहिलो व्हतो साहेब. रक्षक एकटा, त्यो तरी काय करणार? बराक आमीच सांभाळतो." हे तो अभिमानाने सांगत होता. त्याचं ऐकताना माझ्या लक्षात आलं की ही तक्रार नाही, हा कारभार आहे. सरकारने माणसं कमी दिली आणि ती जागा या माणसाने घेतली. कोण कुठे झोपेल आणि कुणाला मार बसेल, हे कायद्याच्या इमारतीत हा माणूस ठरवत होता, आणि वरच्यांना ते ठाऊक असून सोयीचं होतं.

घटनेच्या वेळी ड्युटीवर असलेला रक्षक मात्र माझ्यासमोर रडला. पन्नाशीचा माणूस, सोळा तास सलग ड्युटी करून उभा. पहिल्या जबाबात जे लिहून दिलं होतं ते वरून सांगितलेलं होतं, असं त्याने कबूल केलं. मी त्याला खडसावून विचारलं की तो माणूस रोज गोळ्या मागत होता, तुम्ही डॉक्टरला का कळवलं नाही?

"साहेब, दोन बराकी आन् मी एकटा. निम्मे लोक गोळ्या मागतेत, झोपेच्या, नशेच्या. खरा कोन, खोटा कोन, मला काय कळंना. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतेत. त्याचं नाव यादीत टाकलं व्हतं म्या. त्याचा नंबर येईस्तोवर ते निघून गेले."

मी यादी मागवली. नाव होतं. दोन वेळा होतं, आणि दोन्ही वेळा पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

कसल्या गोळ्या, हे अजून कळायचं होतं. दवाखान्यात आरोपीजवळ त्याची थोरली बहीण बसून होती. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. मी विचारायच्या आत ती बोलू लागली. चार वर्षांपूर्वी त्याला आवाज ऐकू यायला लागले, माणसं मारायला येतात असं वाटायला लागलं. आधी देवाधर्माचं केलं, मग नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. गोळ्या सुरू झाल्या आणि तो बरा झाला. दुकान टाकलं, लग्न झालं, लेकरू झालं. एक दिवसही गोळी चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि त्याने चुकवली नव्हती. अटक झाल्याच्या तिसऱ्या दिवशी ती घरातल्या गोळ्या घेऊन मुलाखतीला गेली. गेटवर तिला परत पाठवलं. बाहेरचं औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेता येत नाही. नियम चुकीचा नाही, कारागृहात औषधाच्या नावाखाली काय काय जातं ते मला माहीत आहे. ती पुन्हा गेली, तिसऱ्यांदाही गेली.

"बाई, मग चिठ्ठी काहून न्हाई दाखवली?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. "चिठ्ठी त्याच्या खिशात व्हती साहेब. तुमच्याकडं हाय ती."

मी ठाण्यात परत आलो आणि मुद्देमाल कारकुनाला त्या अटकेचं पाकीट काढायला सांगितलं. आरोपीला अटक करताना त्याची अंगझडती घेतात, खिशात सापडलेल्या वस्तू यादी करून सीलबंद ठेवतात आणि सुटल्यावर परत देतात. पंचांसमोर सील फोडलं. एक कंगवा, दुकानाची किल्ली, गोळ्यांची अर्धी पट्टी आणि चार घड्या घातलेली दवाखान्याची चिठ्ठी. अंगझडतीच्या पंचनाम्यात हवालदाराने लिहिलं होतं : 'गोळ्यांचे एक पाकीट, एक कागद.' कागद उघडून वाचायची तसदी त्याने घेतली नव्हती. अटकेच्या फॉर्मवर आजाराच्या रकान्यात 'काही नाही' लिहिलेलं होतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आणि त्या दोन्ही कागदांखाली प्रभारी अधिकारी म्हणून माझी सही होती.

गेटवर जो कागद मागत होते तो बारा दिवस माझ्या टेबलापासून वीस पावलांवर कुलपात पडला होता.

खुर्चीत बसलो आणि अटकेची सगळी कागदपत्रं पुन्हा वाचली. आणखी एक गोष्ट दिसली, ती जास्त जिव्हारी लागली. तो गुन्हा असा होता की नोटीस देऊन त्याला घरी पाठवता आलं असतं. तो पळून जाणारा नव्हता, दुकान आणि लेकरू सोडून जाणार कुठे? पण चुलतभावाच्या बाजूची माणसं ठाण्यात येऊन बसली होती, गर्दी पांगवायची होती, म्हणून अटक दाखवली आणि मोकळे झालो. बराकीत चोपन्नावा माणूस आम्ही घातला होता. बाकीच्यांतही असे किती असतील, याचा हिशोब कुणी कधी केला नाही.

मी पूर्ण अहवाल तयार केला. त्यात बराकीतली गर्दी, मालकाचा कारभार, रक्षकाची सोळा तासांची ड्युटी, डॉक्टरच्या यादीतल्या कोऱ्या जागा आणि शिकवलेले जबाब असं सगळं लिहिलं. आणि आमच्या ठाण्याने ठेवून घेतलेली चिठ्ठीही लिहिली. पाठवण्याआधी वरिष्ठांनी बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला समजुतीने सांगितलं की मारणारा आहे, साक्षीदार आहेत, हत्यार आहे, दोषारोपपत्र पाठवा, स्वतःच्या हाताने स्वतःवर कशाला ओढवून घेता. आतले लोक आत मारामारी करतातच, असंही म्हणाले. या शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं. मी त्यांना एवढंच म्हणालो की सर, करतात खरी, पण आपण त्यांना करायला लावतो. अहवाल गेला. महिन्याभरात मला कारणे दाखवा नोटीस आली आणि वेतनवाढ रोखली गेली. ते बरोबरच झालं. माझ्या हवालदाराने मात्र निवृत्तीपर्यंत माझ्याशी धड बोलणं ठेवलं नाही.

कारागृहाच्या बाजूने एकच माणूस निलंबित झाला. तो रक्षक. सोळा तास उभा असलेला, खरं बोललेला. ज्यांनी त्याला सोळा तास उभं केलं आणि ज्यांनी खोटे जबाब लिहवून घेतले, त्यांच्यातल्या एकालाही विचारणा झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मालकाला दुसऱ्या कारागृहात हलवलं. तिथेही त्याने पंख्याखालची जागा घेतली असेल.

तांड्यावरच्या माणसाला न्यायालयाने मनोरुग्णालयात तपासणीला पाठवलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्यावर महिनाभरात तो ताळ्यावर आला, आणि आपण काय केलं ते त्याला कळलं. बहिणीने सांगितलं, त्यानंतर दोन दिवस त्याने अन्न घेतलं नाही.

खटल्यात जखमी शेतकरी साक्षीला आले. डावा डोळा कायमचा गेला होता. सरकारी वकिलांनी रीतसर विचारलं, तुम्हाला कुणी मारलं? त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "ह्यानंच मारलं. पर त्याच्या आधी आठ दिवस ह्याला सगळ्यायनं मारलं, तेबी लिवून घ्या."

न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला लावलं. कृत्य करताना त्याला भान नव्हतं हे मान्य होऊन तो सुटला. कोर्टाच्या आवारात तो म्हाताऱ्यांच्या पाया पडायला वाकला, तेव्हा त्यांनी त्याला धरून उठवलं आणि गोळी खाल्ली का, एवढंच विचारलं.

त्यानंतर मी जिथे जिथे प्रभारी झालो तिथे अटकेच्या वेळी आरोपीला आणि घरच्यांना, दोघांनाही औषधाबद्दल विचारायचं, उत्तर स्टेशन डायरीत घ्यायचं आणि चिठ्ठी आरोपीबरोबर कारागृहाच्या डॉक्टरच्या हातात द्यायची, असा दंडक घातला. दोन आरोपींत खरोखर वैर असेल तर त्यांना एका बराकीत ठेवू नये असं पत्र द्यायचं आणि त्याची पोच घ्यायची. नोटिशीवर भागत असेल तिथे अटक करायची नाही, ठाण्यात कितीही माणसं येऊन बसली तरी. यात शोध लावण्यासारखं काही नाही. हे सगळं आधीपासून नियमात आहे. म्हणूनच जास्त चीड येते. त्या म्हाताऱ्यांचा डोळा वाचवायला नवा कायदा लागणार नव्हता. कुणीतरी एक कागद उघडून वाचायचा होता.

निवृत्तीनंतर नव्या भरतीच्या पोरांपुढे बोलायला मला एकदा बोलावलं होतं. मी हीच हकिकत सांगितली. मागच्या बाकावरच्या एकाने उभं राहून विचारलं, सर, आरोपी तर काहीही सांगतो, आजाराचं खोटं सांगितलं तर?

मी त्याला म्हणालो, "तर डॉक्टरची दहा मिनिटं वाया जातील. जाऊ द्या."